अजून न केलेली सुरी

१

दुपारी जेवायला निघताना तो कामाच्या खोलीला कुलूप लावायचा. चोराचिलटांची भीती म्हणून नव्हे, शेजारच्या शिंपीणबाईंची भीती म्हणून. बाई स्वभावाने सोन्यासारख्या, पण एकदा त्याने नुकतीच पूर्ण केलेली सुरी उचलून नेऊन त्यांनी पुठ्ठा कापला होता. तो धक्का त्याला अजून पचलेला नव्हता. तेव्हापासून कुलूप, आणि किल्ली शर्टाच्या खिशात.

खोली एका खिडकीची. भिंतीला लागून लांब टेबल, त्याच्या एका टोकाला ग्राइंडर, दुसऱ्या टोकाला पाण्याची परात आणि तीत बुडवून ठेवलेले धारेचे दगड. भिंतीवर ओळीने कानशी, पकडी, हातोड्या. अर्धं आयुष्य त्याने इथे जपानी घाटाच्या पातळ, हलक्या सुऱ्या एकेक करून हाताने घडवल्या होत्या. सध्या मात्र तो एकाच सुरीच्या मागे हात धुऊन लागला होता. ती ताईसाठी होती.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. स्वतः शाळा सोडून लोकांच्या घरी भाज्या चिरल्या आणि त्याला हवं ते शिकू दिलं. पुढे तिने रस्त्याच्या टोकाला स्वतःची खानावळ काढली, ती नावारूपाला आणली. त्याचे केस पिकले तरी ती त्याला चारचौघांत बारक्या म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

गेल्या थंडीत ताईला अर्धांगाचा झटका येऊन गेला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात मात्र रुसला. हात उचलला जायचा, पण बोटांना पकड राहिली नव्हती. सुरी निसटून फरशीवर पडायची. तिची जुनी सुरी अशीच पडून टोकाशी मोडली, तेव्हा ती स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बारक्या, सुरी धरता येत नसेल तर मी या घरात पाहुणी झाले. चार महिने बघते, नाहीतर खानावळीच्या चाव्या देऊन टाकते कुणाला तरी."

ताईला त्याने रडताना पाहिलं होतं, भांडताना तर रोजच पाहत होता. पण हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. घरात पाहुणी होऊन ताई वर्षभरही तग धरणार नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

म्हणून त्याने नवं पोलाद मागवलं. जुन्या पोलादाला कडक केलं की ते काचेसारखं तडकतं, आणि चिवट ठेवलं की धार टिकत नाही. हे नवं पोलाद कडक होऊनही चिवट राहायचं. पातं कागदासारखं पातळ करा, फरशीवर आपटा, मोडत नाही. पण पोलाद चांगलं म्हणून सुरी चांगली होत नाही. पहिला नमुना जड झाला, दुसऱ्याचा तोल पुढे गेला, तिसऱ्याची मूठ ताईच्या अशक्त बोटांत फिरायला लागली. ताई प्रत्येक वेळी म्हणायची, "छान आहे रे," आणि तो नमुना गुपचूप परत घेऊन यायचा.

त्या दुपारी तो जेवून परत आला, कुलूप उघडलं, तर टेबलाच्या कोपऱ्यावर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली सुरी ठेवलेली. ताईची ही जुनी रीत. सुरी बोथट झाली की येता-जाता नॅपकिनात गुंडाळून त्याच्या टेबलावर ठेवायची, बोलायचं काही नाही. धार लावून त्याने परत पोचवायची.

म्हणजे ताई येऊन गेली तर, असं मनाशी म्हणत त्याने पंखा लावला. मग त्याच्या लक्षात आलं की आत्ता खानावळीत त्याला वाढायला ताईच होती, आणि त्याच्यासमोरून ती क्षणभरही हलली नव्हती.

२

नॅपकिन उलगडून त्याने सुरी हातात घेतली आणि उभ्याचा खाली बसला.

सुरी त्याची होती. मुठीजवळ पात्यावर त्याचा बारका ठसा होता, जो तो दुसऱ्या कुणाला मारू देत नसे. पोलाद तेच नवं होतं. त्याने कानस घासून पाहिली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. घाट तोच, ज्याच्या मागे तो एवढे दिवस लागला होता. फक्त ही सुरी त्याने अजून केलेली नव्हती.

आणि ती जुनी होती. धार लावून लावून पात्याच्या रुंदीतलं करंगळीभर पोलाद झिजून गेलं होतं. मुठीचं लाकूड हाताच्या घामाने काळवंडून गुळगुळीत झालं होतं आणि अंगठ्याच्या जागी चांगलाच खड्डा पडला होता.

त्याने स्वतःला समजावून पाहिलं. वय होतंय, केली असेल कधीतरी आणि विसरलो असेन. पण हे पोलाद त्याच्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि ते असं झिजायला वर्षं लागतात. कुणीतरी नक्कल करून थट्टा करतंय म्हणावं, तर एवढा खटाटोप करून कोण आणि कशाला थट्टा करणार? शिंपीणबाई? त्या पुठ्ठ्याच्या पुढे गेल्या नसत्या.

मग त्याने सुरी लाकडी फळीवर उभी टेकवली आणि मान खाली करून धारेखालून उजेड पाहिला. टाचेजवळ, म्हणजे मुठीलगतच्या भागात, उजेडाची एक बारीक फट दिसली. तिथे धारेला खळगा पडला होता.

हा खळगा म्हणजे त्याची जन्माची खोड. दगडावर पातं ओढताना टाचेशी त्याचा हात जरा जास्त दाबला जायचा. वर्षानुवर्षं दाबला की तिथलं पोलाद थोडं जास्त जायचं, धार फळीला टेकायची नाही, आणि कांद्याच्या चकत्या सुट्या न होता एकमेकींना धरून राहायच्या. ताई त्या उचलून सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, बघा, आमच्या बारक्याने हार ओवलाय.

म्हणजे या सुरीला वर्षानुवर्षं धार त्यानेच लावली होती. पण आता ती बोथट होती. पार बोथट, कित्येक महिने दगड न पाहिलेली. ताईची सुरी मी अशी कशी होऊ दिली, असा राग त्याला स्वतःचाच आला, आणि आपण न केलेल्या गोष्टीवर रागावतोय म्हणून हसूही आलं.

एवढं सगळं झालं तरी बोथट सुरी टेबलावर आली होती. तिला धार लावणं एवढंच त्याला येत होतं. त्याने दगड काढला आणि धार लावली. मग सुरी पुठ्ठ्यावर ठेवून तिची कड पेन्सिलीने आखून घेतली, बोटावर तोलून तोल कुठे आहे ते पाहिलं, आणि शेवटी मूठ हातात धरली. ती नीट बसेना. त्याने पुन्हा धरली. मुठीची एक बाजू सपाट होती, दुसरी फुगीर, आणि फुगवटा नेमका उलट्या बाजूला होता.

त्याने सुरी डाव्या हातात घेतली. ती जागच्या जागी बसली.

दुसऱ्या दिवशी जेवून आला तेव्हा कुलूप तसंच होतं. सुरी आणि नॅपकिन दोन्ही गेलं होतं. पुठ्ठ्यावरची रेघ मात्र जागेवर होती.

३

डाव्या हाताचं नाव काढल्यावर ताईने कपाळाला हात लावला, तोही डावाच. म्हणाली, तो हात आयुष्यभर नुसता भांडं धरायला होता, आता म्हातारपणी त्याला काय शिकवू. डॉक्टरही उजव्याच हाताला व्यायाम देत होते, आणि तोही आजवर उजव्यासाठीच सुरी करत बसला होता. इतकी साधी गोष्ट तिघांनाही सुचली नव्हती.

त्याने पुठ्ठ्यावरच्या रेघेबरहुकूम पातं कापलं, फक्त झिजून गेलेलं करंगळीभर पोलाद धारेच्या बाजूला परत धरलं. भट्टीत तापवलं, विझवलं, पात्याला पाणी, म्हणजे कडकपणा, नीट बसलंय ना ते पाहिलं. घासताना चष्म्यावर उन्हाची तिरीप यायची तेवढा वेळ तो थांबायचा, पुन्हा लागायचा. पात्याची पाठ, जिथे पहिलं बोट टेकतं, ती त्याने गोल केली. टाचेचा कोपरा मोडून टाकला. या दोन्ही गोष्टी त्या सुरीत होत्या आणि त्याच्या कुठल्याच नमुन्यात नव्हत्या. आपण कुणाची नक्कल करतोय, हा विचार मध्येच यायचा. नक्कल करतोय ती स्वतःचीच, असं म्हणून तो विचार झटकून टाकायचा. पण मग पहिल्यांदा हे सुचलं कुणाला, या प्रश्नापाशी डोकं गरगरायला लागायचं, आणि तो ग्राइंडर चालू करायचा.

एका दुपारी शिंपीणबाईंनी दारातून विचारलं की हल्ली तुम्ही जेवायला जात नाही का. तो म्हणाला, रोज जातो, आत्ता तिथूनच येतोय. बाई जरा गोंधळल्या. भिंतीपलीकडून दगडाचा आवाज येत होता म्हणाल्या, चांगला अर्धा तास, घासायचं, थांबायचं, पुन्हा घासायचं. "तुमच्यासारखा नव्हता मात्र," त्या म्हणाल्या. "तुमचा कसा एका लयीत असतो. हा अडखळत होता."

त्याने सांगितलं की नळ ठिबकत असेल. नळ दगडासारखा वाजत नाही हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही, पण बाई भल्या होत्या.

सुरी झाली. ताईने ती डाव्या हातात धरली, भोपळ्याच्या फोडीवर ठेवली, आणि पातं स्वतःच्याच वजनाने आत गेल्यासारखं गेलं. मग कांदा. मग कोबी. सुरुवातीला जाड, वेड्यावाकड्या चिरा, आठवड्याभरात बऱ्या, आणि दोन महिन्यांत ताई पुन्हा सुरी हातात घेऊन लोकांवर ओरडायला लागली. सुरी दोनदा पडली. फरशीचा टवका उडाला, सुरीला काही झालं नाही. चाव्यांचा विषय निघाला नाही.

त्या दिवसांत तो फार सुखात होता. कामाला बसताना टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे बघून तो मनोमन हात जोडायचा. कुणाला, ते त्याला माहीत नव्हतं. पण ज्याने कुणी ती सुरी ठेवली होती त्याने त्याची बहीण त्याला परत दिली होती, आणि एवढं देणाऱ्याला तू कोण असं विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

४

मग ती पुन्हा आली.

तसंच जेवून आल्यावर, तशीच नॅपकिनात. त्याने पाचच मिनिटांपूर्वी ती नवी सुरी ताईच्या हातात पाहिली होती. तिने तिच्याच टोकाने दाराकडे खूण करून त्याला, जा आता कामाला, म्हणून सांगितलं होतं. आणि तीच सुरी इथे होती. पातं आणखी अरुंद झालेलं, अंगठ्याचा खड्डा आणखी खोल.

त्याने धार पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी तिला दगड लावला होता, पण ज्याला येत नाही अशा कुणीतरी. खरखरीत दगडाचे ओरखडे आडवेतिडवे पात्यावर चढले होते, टोक गोल झालं होतं. धार एका जागी होती, दुसऱ्या जागी नव्हतीच. ओरखड्यांचा कल बघून त्याने दगडावर हात फिरवून पाहिला. उजव्या हाताने तसे ओरखडे येईनात, डाव्या हाताने आले.

ताईने लावली होती धार. ताईने, जिने जन्मात दगडाला बोट लावलं नव्हतं, कारण तिला कधी लावावं लागलं नव्हतं. धारवाला भाऊ याच रस्त्यावर बसलेला असताना ती स्वतः दगड घेऊन कशाला बसेल?

प्रश्न त्याने मनात अगदी सहज विचारला होता. उत्तर आलं तेव्हा वरचा पंखा एकदम मोठ्याने वाजायला लागला. पहिल्या खेपेची ती बोथट धार त्याला आता समजली. कित्येक महिने दगड न पाहिलेली धार. रीत सुटली नव्हती, ताई सुरी आणून टेबलावर ठेवत होती. ती घेणारं तिथे कुणी नव्हतं.

भीती वाटली, नाही कशी वाटेल? मग सवयीने त्याने ड्रॉवरमधून माप घ्यायचं कॅलिपर काढलं. पहिल्या खेपेचं माप पुठ्ठ्यावर होतंच. पोलाद वर्षाला किती झिजतं ते त्याला ठाऊक होतं. दोन आकड्यांचा हिशेब केला की त्याची स्वतःची वर्षं समोर आली असती.

कॅलिपरचे जबडे पात्याला लागायच्या आत त्याने ते परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर ढकलून दिला. करंगळीभर पोलाद म्हणजे बरीच वर्षं, एवढं पुरे होतं. तेवढी त्याला मिळणार होती, आणि ताईला त्याहून पुष्कळ. चार महिन्यांत चाव्या देऊन टाकणारी बाई ही सुरी अशी झिजेपर्यंत उभी राहून चिरत होती. याबद्दल तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं.

त्याने ओरखडे काढले, टोक नीट केलं, धार लावली. नॅपकिन होतं तसं गुंडाळलं. दुसऱ्या दुपारी ते गेलेलं होतं.

५

पाहायला जाऊ नये हे त्याला कळत होतं. तरी एकदा अर्धं जेवण टाकून तो उठलाच. ताईला पोटाचं काहीतरी कारण सांगितलं, आणि भर उन्हात, रस्ता लोकांनी भरलेला असताना, चोरासारखा स्वतःच्या दारापाशी येऊन उभा राहिला.

आतून आवाज येत होता. दगडावर पात्याचा. खर्र, मग शांत. खर्र, खर्र, मग पुन्हा शांत. शिंपीणबाईंचं वर्णन अचूक होतं. कुलूप बाहेरून लागलेलं होतं आणि उन्हाने तापलं होतं. त्याने किल्ली फिरवली, दार हातभर उघडलं.

भिंत रिकामी होती. कानशी नव्हत्या, पकडी नव्हत्या, हातोड्या नव्हत्या. त्यांच्या जागी त्यांच्याच आकाराचे फिकट डाग होते. ग्राइंडर जिथे असतो तिथे चार भोकं होती. पंखा नव्हता. टेबल तेवढं होतं, स्वच्छ पुसलेलं, आणि त्याच्यापाशी दाराकडे पाठ करून एक म्हातारी बाई उभी होती. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. डावं कोपर मागे-पुढे होत होतं, अडखळत होतं.

त्याला हाक मारायची होती. तो एक पाऊल आत सरकला.

कोपर थांबलं. बाईने सुरी नॅपकिनात गुंडाळली, कोपऱ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. मान न वळवता ती हळू आवाजात म्हणाली, "बारक्या, मला नाही रे जमत."

शेजारी शिंपीणबाईंचं मशीन सुरू झालं. तो दचकला, आणि दचकला तेवढ्यात भिंतीवर कानशी होत्या, पंखा होता, सगळं होतं. दगड परातीबाहेर होता, ओला. नॅपकिन कोपऱ्यावर होतं.

तो खिडकीशी जाऊन मोकळेपणाने रडला. भीतीने रडतोय की कशाने, हे त्याला सांगता आलं नसतं. एवढं मात्र पक्कं झालं की पुढे कधीतरी ताई त्या रिकाम्या खोलीत एकटी उभी राहून 'नाही जमत' म्हणणार होती, आणि तेवढं टाळणं अजून त्याच्या हातात होतं.

६

संध्याकाळी त्याने ताईला खोलीवर आणून स्टुलावर बसवलं आणि तिच्यापुढे दगड ठेवला. तिने दगडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे कशाला? तू आहेस की."

"आहे ना," तो म्हणाला. "म्हणून तर शिकवतोय."

ताई त्याच्याकडे पाहत राहिली. ती काय समजली कोण जाणे. लहानपणापासून त्याच्या तोंडावरून सगळं ओळखायची तिला सवय होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, दाखव.

शिकवणं सोपं गेलं नाही. ताई कोन धरायची आणि बोलता बोलता सोडायची. पात्याला ओरखडे पाडायची, त्यालाच बोल लावायची, तुला साधं सांगता येत नाही म्हणायची. तो तिच्या डाव्या हातावर हात ठेवून पातं ओढायचा, जसं तिने एके काळी त्याचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. रोज खानावळ बंद झाल्यावर तासभर. उन्हाळा गेला, पावसाळा आला, आणि हळूहळू आवाज बदलला. अडखळणं गेलं. एका संध्याकाळी तिने त्याला मध्येच थांबवलं आणि तो पातं ओढत असताना वाकून पाहिलं.

"टाचेशी दाबतोस तू," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं सुरीतच दोष आहे. दोष तुझ्यात आहे होय. सरक."

आणि त्याच्या हातून सुरी घेऊन तिने न दाबता धार लावून दाखवली. तो बाजूला सरकला. इतक्या आनंदाने त्याने आजवर कुणाला जागा दिली नव्हती.

त्यानंतर कित्येक दुपारी कोपरा रिकामाच राहिला. त्याला चुटपुट लागली, मग सवय झाली. मग एके दिवशी जेवायला निघायच्या आधी तो पाण्याची बादली भरायला दोन मिनिटं बाहेर गेला, दार उघडंच होतं, आणि परत आला तर टेबलावर नॅपकिन.

त्याने हात पुसले आणि ते उलगडलं. पातं आता अंगठ्याएवढं रुंद उरलं होतं, मूठ दोन ठिकाणी फुटून दोऱ्याने आवळलेली. एवढी झिजलेली सुरी त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. एवढा काळ त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्याने टेबल धरलं. मग दगड पाण्यातून काढून ठेवला, चष्मा चढवला आणि धार नखावर टेकवून पाहिली.

बोथट धार नखावरून घसरते; ही नखाला चिकटली.

त्याने पात्याखालून उजेड पाहिला. उजेड कुठूनच येत नव्हता. टाचेपासून टोकापर्यंत धार सरळ, ओरखडे एका कलाचे, बारीक, शांत. त्याच्याहून चांगली धार होती. सुरीला करण्यासारखं काहीही नव्हतं.

मग ही इथे का ठेवली, असं त्याच्या मनात आलं. आणि मग त्याला कळलं, की ती नुसती दाखवायला आणली होती.

त्याने सुरी गुंडाळली, कोपऱ्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "छान झालीय गं ताई." खोलीत कुणी नव्हतं. तरी त्याला थोडं थांबावंसं वाटलं, म्हणून थांबला. खानावळीत पोचेपर्यंत उशीर झाला होता. जेवण गार झालं म्हणून ताई सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याला बोलली, पुष्कळ बोलली, आणि तो खाली मान घालून एकेक शब्द ऐकत राहिला.